पाहुण्यांसाठी रिकामी केलेली गच्ची

गळती शोधणं हे बाईमाणसाचं काम नाही, असं मला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात सांगण्यात आलं. सांगणाऱ्या गृहस्थांच्या न्हाणीघरातून खालच्या घरातल्या देव्हाऱ्यावर पाणी ठिबकत होतं आणि माझ्या हातात छिन्नी होती. मी लादी उचकटून फुटका सांधा दाखवला, तेव्हा ते म्हणाले, "असेल, पण पाणी वरून येतंय." त्यांच्या वर फक्त आभाळ होतं.

त्यानंतर मी बरीच वर्षं हेच काम केलं. विरारच्या पश्चिमेला, अर्नाळ्याच्या रस्त्याला लागून कमी पगाराच्या लोकांसाठी बांधलेली एक वसाहत आहे. एक खोली, एक स्वयंपाकघर, मोरी आणि संडास एवढंच घर. तिच्या देखभालीचं काम एका संस्थेकडे होतं आणि मी संस्थेची सुपरवायझर होते. वटार गावातल्या माझ्या घरून स्कूटरवर यायचे, पर्समध्ये टॉर्च, टेप आणि छिन्नी घेऊन. गळती, तुंबलेली गटारं, टाकीत पडलेला उंदीर, जिन्यात सुकवलेल्या चादरींवरून झालेली मारामारी, हे सगळं माझ्या खात्यात यायचं. कामाचा मोठा भाग सिमेंटचा नसून माणसांचा असतो, हे मला डिप्लोमाच्या कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

या अंकासाठी लिहायचं ठरल्यावर घरातले म्हणाले, त्या हॉलंडच्या पोरांचं लिही. तेच लिहिते. त्यात माझा स्वतःचा शब्द अडकला होता, म्हणून ते अजून स्पष्ट आठवतं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट आहे. हॉलंडमधल्या एका कॉलेजातली सहा मुलंमुली आमच्या वसाहतीत काम करायला येणार होती. तिकडे विद्यार्थ्यांना परदेशात जाऊन हातानं काम करावं लागतं, ते त्यांच्या अभ्यासात धरतात. विषय होता गरिबांची घरं टिकाऊ करणं, म्हणजे वीज-पाणी कमी लागेल, ऊन कमी तापेल आणि दुरुस्ती वारंवार निघणार नाही अशी घरं. आमच्या साहेबांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "तुमचं इंग्रजी बरं आहे, तुम्हीच सांभाळा." माझं इंग्रजी कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी पट्टी मारून केलेलं होतं. ते भांडणाच्या उपयोगी पडायचं, गप्पांच्या नाही.

त्यांच्यासाठी मी वसाहतीतली सगळ्यात वाईट इमारत निवडली. वरच्या मजल्यावर उन्हाळ्यात रात्रीसुद्धा भिंतीला हात लावता येत नसे आणि पावसाळ्यात तीच घरं गळत. उपाय मला माहीत होता. मुंबईकडच्या जुन्या इमारतींच्या गच्च्यांवर फुटक्या पांढऱ्या लाद्यांचे तुकडे बसवलेले असतात, त्याला चायना मोझॅक म्हणतात. पांढरा रंग ऊन परतवतो आणि चकचकीत तुकड्यांवर पाणी थांबत नाही. त्याच्या खाली विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा कोबा असतो. कोब्याला उतार नीट दिला तर पाणी पन्हाळीकडे पळतं, नाही दिला तर गच्चीचं तळं होतं. या इमारतीचं तळं झालेलं होतं. लाद्यांच्या दुकानांमागे फुटक्या लाद्यांचे ढीग फुकट पडलेले असतात, तेव्हा टाकाऊतून टिकाऊ असं कागदावर लिहायलाही सोय होती. हॉलंडला ही कल्पना पत्रानं कळवली, त्यांना ती फार आवडली.

आता त्या गच्चीबद्दल सांगायला हवं. ती गच्ची म्हणजे इमारतीची दुसरी खोली होती. मार्च-एप्रिलमध्ये तिथे कुरडया, पापड, मिरच्या, गोधड्या, कुणाच्या तरी आईची औषधी मुळं, सगळं उन्हात पसरलेलं असे. आणि अर्ध्या गच्चीवर हिराबाईचा जवळा.

हिराबाई अर्नाळ्याची. नवऱ्याच्या नोकरीमुळे या वसाहतीत तिला घर लागलं होतं, नवरा पुढे वारला, घर राहिलं. भावांची होडी होती. बोंबील आणि जवळा ती त्यांच्याकडून घ्यायची, पण किनाऱ्यावर सुकवायची जागा भावजयांनी आपसांत वाटून घेतली होती. मग तिनं माल रिक्षात घालून विरारला आणायला सुरुवात केली. दोरी बांधलेल्या बांबूंच्या मांडवाला कोळी लोक वलांडी म्हणतात, त्यावर ती बोंबील जबड्यात जबडा अडकवून टांगायची आणि जवळा जुन्या साड्यांवर पसरायची. जवळा म्हणजे अगदी बारीक कोळंबी, डोळे तेवढे दिसतात. किनाऱ्यावर सुकवलेल्या जवळ्यात वाळू येते. गच्चीवरच्या जवळ्यात वाळूचा कण नसे, म्हणून आगाशीपासून नंदाखालपर्यंतच्या बायका "गच्चीवाली आली का?" असं विचारून तिच्याकडून घेत. आमच्याकडे पावसाच्या आधी सुकं भरून ठेवतात, ती आगोटीची खरेदी. हिराबाईचं वर्ष त्या एका खरेदीवर चालायचं.

काम ठरल्यावर मी तिला जाऊन सांगितलं, "हिराबाय, गच्ची थोडे दिवस बंद राहील. फोडाफोडी आहे."

ती पाटीपुढे बसून बोंबील निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आन मंग?"

"मग तुझी जागा तुला परत."

"कोन सांगते?"

"मी सांगते."

"मोनीबाय सांगते तर ठीक हाय," ती म्हणाली. "पन आगोट हातची गेली तर मी तुज्या वटारला येऊन बसन, तुज्या ओट्यावर. वलांडी घेऊन."

मी हसले. तेव्हा हसण्यासारखंच होतं.

पाहुणे आले त्या सकाळी मी त्यांना घेऊन गच्चीवर गेले आणि दारातच थांबले. गच्ची झाडून, पुसून लख्ख केलेली होती. मिरच्या नाहीत, गोधड्या नाहीत, दोऱ्यासुद्धा सोडलेल्या. दारात रांगोळी. वलांडीचे बांबू कुठे गेले कळेना. नंतर कळलं की ते जिन्याखाली चादर घालून झाकून ठेवले होते. इमारतीचे सेक्रेटरी परब हार घेऊन उभे होते आणि त्यांच्या मागे सगळी बिऱ्हाडं इस्त्रीच्या कपड्यांत.

परब मुंबईला एका ऑफिसात हेडक्लार्क होते. माणूस वाईट नाही. इमारतीसाठी धावपळ तेच करायचे, टँकर तेच आणायचे. पण परदेशी पाहुणे म्हटल्यावर त्यांच्या अंगात आलं होतं. आदल्या दिवशी त्यांनी घरोघर सांगितलं होतं की पाहुण्यांच्या डोळ्यांसमोर काही नको, आणि सगळ्यांनी ऐकलंही होतं. घरी माणसं येणार म्हटलं की आपण पसारा पलंगाखाली ढकलतो. त्यांनी आख्ख्या इमारतीचा पसारा पलंगाखाली ढकलला होता.

मुलांची म्होरकी आनेका नावाची उंच मुलगी होती. पहिल्या दिवशीच नाक भाजून लाल झालं होतं. गच्चीभर फिरून, पावलांनी मापं घेऊन तिनं विचारलं, "मोनिका, ही जागा कुणी वापरत नाही का?"

एवढीशी पोर सुपरवायझर बाईंना नुसतं मोनिका म्हणते, यावर मागे बायकांमध्ये कुजबुज झाली. मी म्हटलं, "वापरतात. एरवी ही भरलेली असते."

"कशानं?"

मी तोंड उघडायच्या आत परब पुढे झाले आणि इंग्रजीत म्हणाले, "जुना कचरा होता. काढून टाकला. आता अगदी स्वच्छ." नंतर मी आनेकाला जिन्यात सांगितलं की इथे पापड आणि मासे सुकवतात. ती म्हणाली, "पण आम्ही सगळ्यांना सभेत विचारणारच आहोत ना." त्यांच्याकडे विचारलं की माणसं उत्तर देतात, असा तिचा अनुभव होता.

सभा संध्याकाळी पाचला झाली. मुलांनी भिंतीवर चित्रं लावली होती. बाकं, कुंड्या, मुलांना खेळायला जागा, म्हाताऱ्यांना वाचायला कोपरा. प्रत्येकानं आवडेल त्या चित्रावर हिरवी टिकली लावायची. आमच्या लोकांनी सगळ्याच चित्रांवर टिकल्या लावल्या. मी एका आजींना विचारलं, "तुम्हाला वाचायचा कोपरा हवा?" त्या म्हणाल्या, "मला कुठे वाचता येतं? पण पोरांनी एवढी मेहनत घेतलीये, कोरं कसं सोडायचं?" हिराबाई पाच वाजता आगाशीच्या बाजारात पाटी घेऊन बसलेली असते. तिला सभेचं कुणी सांगितलंही नव्हतं. एका शेजारणीनं तेवढा निरोप दिला होता की पाहुणे असेपर्यंत माल वर आणू नकोस, वास येतो, बरं दिसत नाही.

अशा रीतीनं गच्चीचा नकाशा एकमतानं मंजूर झाला. त्यात बाकं होती, कुंड्या होत्या, मासे नव्हते. मी आनेकाला म्हटलं, "अर्धी गच्ची तरी मोकळी ठेव." ती म्हणाली, "पण त्यांनी मत दिलंय." मग मी म्हटलं, बाकं शेवटी बांधायची, आधी मोझॅक. तेवढी सवड मी स्वतःसाठी काढून घेतली.

काम मात्र पोरांनी झकास केलं. आमचा मिस्त्री सुरुवातीला म्हणाला, "बाई, ही दुधावरची मुलं उन्हात वितळतील." पण ती डोक्याला ओले टॉवेल बांधून, सकाळी लवकर सुरू करून, जुना कोबा फोडत, गोण्या खाली नेत, लाद्या फोडत राहिली. फुटक्या लाद्यांमध्ये कुणाच्या तरी न्हाणीघराची निळी फुलं निघाली, ती त्यांनी एका कोपऱ्यात गोळा करून मासा केला. मिस्त्रीनं तो बघून नाक मुरडलं आणि दुसऱ्या दिवशी त्याला शेपूट नीट करून दिली.

कोबा फोडतानाच मला गळतीचं मूळ सापडलं. परबांचं घर वरच्या मजल्यावर. त्यांच्या म्हाताऱ्या आईच्या पलंगावर दर पावसाळ्यात पाणी ठिबकायचं आणि परब वर्षानुवर्षं सांगायचे की वरच्या माशांच्या मिठानं स्लॅब खाल्ला. मिठानं स्लॅबमधलं लोखंड गंजतं हे खरं आहे, म्हणून मलाही ते तपासायला हवं होतं. पण जवळा आणि बोंबील बिनमिठाचे सुकवतात. नुसत्या उन्हावर. आणि पलंगाच्या बरोब्बर वर निघाला एक लोखंडी पाईप, थेट कोब्यात ठोकलेला, कुजून चाळण झालेला. पाणी त्याच्या कडेनं सरळ स्लॅबपर्यंत उतरत होतं. तो परबांच्या जुन्या टीव्हीच्या अँटेनाचा पाय होता. केबल आल्यावर अँटेना गेला, पाय तसाच राहिला.

मी परबांना एकट्याला वर बोलावून दाखवलं. त्यांनी घाम पुसला. "बाई, हे खाली बोलू नका. आई मला जगू देणार नाही."

"मी नाही बोलणार. पण मग तुम्ही माशांचं नाव काढू नका."

"छे छे. आता कशाला काढतोय?"

पाईप काढून भोक बुजवलं, उतार नव्यानं दिला, पांढरे तुकडे बसले, सिमेंट मुरलं. मग पन्हाळीची तोंडं बंद करून गच्चीत पाणी भरून ठेवलं. आमच्या धंद्यात गच्चीची परीक्षा अशीच घेतात. दुसऱ्या दिवशी मी परबांच्या घरी गेले. त्यांच्या आई पलंगावर पाय पसरून छताकडे बघत होत्या. म्हणाल्या, "बाय गो, कालपासून बघतंय. एक थेंब नाय. आता माका करमूचा नाय." मी छताला हात लावला. कोरडं होतं आणि वरच्या उन्हाची धगही उतरली होती. मला वाटलं, चला, सुटले.

आणि जिन्यात मला पाटी दिसली.

उद्घाटन दुसऱ्या दिवशी होतं. रंगारी पाटी घेऊन वर चालला होता. मोठी, निळ्या रंगाची, वर मुलांच्या कॉलेजाचं नाव, खाली सहाही मुलांची नावं. मध्ये इंग्रजीत एवढंच लिहिलं होतं की ही गच्ची सगळ्यांची आहे, स्वच्छ ठेवा. मराठीत मात्र त्याखाली आणखी एक ओळ होती. 'गच्चीवर मासे सुकविण्यास सक्त मनाई आहे.'

मी रंगाऱ्याला विचारलं, "ही ओळ कुणी दिली?"

"परबसाहेबांनी. इंग्रजीत बसत नव्हती म्हणाले, मराठीत टाक."

मागून हिराबाई येत होती. तिला वाचता येत होतं. तिनं पाटी वाचली, डोक्यावरची माशांची टोपली खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं.

"मोनीबाय, तू सबूद दिल्ता."

"दिला होता."

"मंग वाच ना. मोठ्यानं वाच."

मी ती ओळ मोठ्यानं वाचली. ती म्हणाली, "चल, तुला दाखवते," आणि तिच्या घराचं दार उघडलं.

आत पाय ठेवायला जागा नव्हती. खिडकीपासून मोरीपर्यंत दोऱ्या आणि दोऱ्यांवर बोंबील. जमिनीवर जवळा, वर पंखा गरागरा फिरतोय. पण पंख्याच्या वाऱ्यावर मासा सुकत नाही, नुसता आंबतो. वास बदलायला लागला होता. ज्यांना हा वास माहीत आहे त्यांना दोन वासांतला फरक सांगावा लागत नाही. पाहुणे आल्यापासून ती अशी सुकवत होती आणि कुणाला कळू दिलं नव्हतं. अर्धा माल हातचा गेलेला. अजून माल येणार होता, आगोट तोंडावर होती, आणि गच्ची मिळाली नाही तर विकायला काहीच उरणार नव्हतं.

मी वर गेले आणि आनेकाला हाताला धरून खाली आणलं. दारातच तिनं नाकाला हात लावला, मग काढला. "हे काय आहे?"

"ही गच्ची आहे," मी म्हटलं. "तुम्ही आलात म्हणून खोलीत आणली." मग पाटीची मराठी ओळ मी तिला इंग्रजीत सांगितली, शब्दाला शब्द.

तिचा चेहरा नाकापेक्षा लाल झाला. "खाली आमची नावं आहेत! आम्ही सगळ्यांना विचारलं होतं. ही बोलली का नाही?"

मी हिराबाईला विचारलं. हिराबाई म्हणाली, "मना कोनी इचारला? तुमी टिकल्या लावीत होते तवा मी बाजारात. आन तिला सांग, मी काय तिच्यावर रागवलेली नाय. तिच्या आधी आमचेच लोक बांबू लपवीत होते."

मी तेही सांगितलं. आनेका त्या जवळ्याकडे बघत उभी राहिली. मला वाटलं ही आता रडेल आणि मला तिलाही सांभाळावं लागेल. पण ती म्हणाली, "बाकं अजून बांधली नाहीत ना?"

"नाही. विटा आल्यात फक्त."

"मग सगळ्यांना वर बोलाव. आत्ता. हिलाही."

संध्याकाळी गच्चीवर सगळी इमारत जमली. आनेकानं भिंतीवर नकाशा लावला आणि म्हणाली, मी बोलते, मोनिका सांगेल. तिनं एवढंच विचारलं, "आम्ही यायच्या आदल्या दिवशी इथे काय काय होतं?"

परबांनी घसा साफ केला. "मॅडम, तो जुना विषय आहे. माशांच्या मिठानं स्लॅब खराब होतो. आता एवढं काम केलंय तर..."

मी त्यांच्याकडे बघितलं. मग जिथे तो पाईप निघाला होता तिथे जाऊन उभी राहिले. परब वाक्याच्या मध्येच थांबले. मग सावरून म्हणाले, "मीठ सोडा. वासाचं काय? परदेशी लोक फोटो काढून नेणार. तिकडे काय म्हणतील?"

तेवढ्यात जिन्याच्या दारातून आवाज आला. परबांच्या आई काठी टेकत वर आल्या होत्या. गच्चीवर त्या कित्येक वर्षांत आल्या नव्हत्या.

"वासाचा काय?" त्या म्हणाल्या. "मेल्या, पावसात रोज ताटात काय मागतंस? सुकटीची चटणी. ती खयसून येता? तुज्या हापिसातल्या कागदांची करू? हिराबाय माका वर्षाचा सुका देता म्हणान तुजा घर चलता. आणि हिच्या वासाची तुका लाज?"

"आई, तू खाली जा. ऊन आहे."

"ऊन खय? हय तर थंडगार आसा." त्यांनी पायातली चप्पल काढून पांढऱ्या लादीवर पाय ठेवला. "बरा केलंत गे पोरींनो. आता हयसर माझी गोधडी पण घालूची आसा. ती पावणे इल्यापासून जिन्याखाली कुजता."

ही गोधडी बाहेर पडली आणि मग सगळंच बाहेर पडलं. "मग आमच्या कुरडयांचं काय?" एक बाई म्हणाली. दुसरी म्हणाली, "मिरच्या मी बहिणीकडे भाईंदरला नेऊन वाळवल्या, रिक्षा करून." तिसऱ्यानं विचारलं, "आणि ते वाचायचं बाक कुणाला हवंय?" कुणालाच नको होतं. ज्या आजींनी कोरं सोडायचं नाही म्हणून टिकली लावली होती, त्या म्हणाल्या, "बाकावर पापड घालता आले असते, पण अरुंद आहे."

मी एकेक वाक्य इंग्रजीत करून देता देता थकले. आनेकानं खडू घेतला आणि बायका सांगतील तसं जमिनीवरच आखत गेली. दक्षिणेचा कठडा वलांडीला. बांबू कठड्याला लोखंडी पट्टीनं बांधायचे, कोब्यात एकही खिळा ठोकायचा नाही. हे मी सांगितलं आणि परबांनी जोरजोरात मान हलवली. मधली जागा जवळ्याला आणि पापडांना, दिवस वाटून. पाण्याच्या टाकीजवळ मासे नाहीत. संध्याकाळी ज्यानं पसरलं त्यानं धुवायचं. कुंड्या जिन्याच्या बाजूला, तिथे सावली होती. बाकांच्या विटांचा टाकीखालचा ढासळलेला ओटा झाला.

परबांनी शेवटी म्हटलं, "पाटीचं काय? रंगवून झालीय."

"ती ओळ पुसा," मी म्हटलं. "रंगारी अजून खालीच आहे."

"इतका वेळ थांबलाय?"

"मीच थांबवलंय."

मग परब हसले. माणूस मूळचा बरा, हे मी आधी लिहिलंच आहे. दुसऱ्या दिवशी उद्घाटनाला त्यांनी इंग्रजीत भाषण केलं आणि त्यात 'आमच्या परंपरागत मत्स्य-वाळवण पद्धती'चा दोनदा उल्लेख केला. हिराबाईनं मला कोपरानं ढोसलं. "काय म्हनते तो?"

"तुझं कौतुक करतोय."

"त्याला सांग, कवतिक नको. जवळा घेतो तवा घासाघीस करू नको."

मुलं गेली. जाताना आनेकाला हिराबाईनं जवळ्याची पुडी दिली, प्लॅस्टिकच्या पिशवीत पिशवी घालून. नंतर आनेकाचं पत्र आलं. विमानात तिच्या बॅगेशेजारी कुणी आपली बॅग ठेवायला तयार नव्हतं आणि घरी आईनं ती पुडी मांजरासाठी आणलीये असं समजून मांजरालाच घातली. कॉलेजनं छापलेल्या पुस्तकाची एक प्रतही आली. मुखपृष्ठावर गच्ची होती, निळा मासा होता आणि मागे कठडाभर बोंबील.

बाकीच्या इमारतींना मात्र तशी गच्ची मिळाली नाही. पुढच्या वर्षी मुलं दुसऱ्या देशात गेली, आमच्या संस्थेचं काम आटपलं आणि त्या इमारतींनी गळती थांबवायला गच्चीवर पत्र्याच्या शेड घातल्या. गळती थांबली, पण ऊन गेलं. तिथे आता काही सुकत नाही. जाता-येता त्या दिसल्या की वाईट वाटतं, पण एका सुपरवायझरनं किती गच्च्या सांभाळायच्या?

उद्घाटनानंतर काही दिवसांनी मी पन्हाळी तपासायला म्हणून गेले होते. खरं तर गच्ची बघायला गेले होते. दार उघडलं तर डोळे दिपले. पांढऱ्या लादीवर जुन्या साड्या, साड्यांवर गुलाबी जवळा, वलांडीवर बोंबील वाऱ्यानं हलताहेत, एका कडेला परबांच्या आईंची गोधडी. हिराबाई मध्ये उकिडवी बसून जवळा हातानं परतत होती. मला बघून ती उठलीसुद्धा नाही.

"आली का? बघ, हात लाव."

मी वाकून लादीला हात लावला. भर दुपारी तळवा टेकवता येत होता. एवढं चांगलं काम मी आधी केलेलं नव्हतं.

"थंड आहे," मी म्हटलं. जरा ऐटीतच म्हटलं.

"थंड हाय ना? तेच तर सांगते. आधी खालची जमीन तापायची, जवळा दोन बाजूंनी भाजायचा. आता नुसता वरून सुकते. एक दिस जास्त लागते मना. तुमी टिकाऊ करता-करता माजा एक दिस खाल्ला."

तिनं मग आणखीही सांगितलं. पांढऱ्यावर डोळे दुखतात, कावळ्यांना लांबून दिसतं, परबांची आई दर तासाला गोधडी उलटी करायला वर येते आणि फुकटचा जवळा चाखून जाते. मी कठड्याला टेकून उभी राहिले आणि सगळं ऐकून घेतलं. माझ्या वटारच्या ओट्यावर वलांडी घेऊन बसायचं तिनं नावसुद्धा काढलं नाही.